‘स्वीकृती’ची पाच स्थाने : भिलाईतील व्यापारी संगणकप्रणाली आणि परिभाषेचा तौलनिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा दोन भाषांच्या संदर्भात केला जातो. परभाषेतील संज्ञेला मराठीत कोणता पर्याय द्यावा, तो संस्कृतोद्भव असावा की रूढ, बोजड असला तरी अचूक असावा की सैल असला तरी सुटसुटीत, हे प्रश्न मराठीत दीर्घकाळ चर्चिले गेले आहेत. परंतु एकच संज्ञा, एकाच व्यवहाराच्या ओघात, शेजारशेजारच्या व्यवस्थांमध्ये निरनिराळ्या अर्थांनी वावरते तेव्हा काय घडते, हा प्रश्न त्या चर्चेच्या कडेला राहिला. खरेदी-विक्रीचे व्यवहार महाजालावरील संगणकप्रणालींतून होऊ लागल्यापासून तो टाळता येण्याजोगा उरलेला नाही. एकच पुरवठादार एकच माल एकाच ग्राहकाला देतो. मात्र निविदेपासून रक्कम हाती पडेपर्यंत त्याला अनेक प्रणालींची दारे ठोठवावी लागतात. प्रत्येक दारावर पाट्या ओळखीच्या असतात, आणि या ओळखीमुळेच फसगत होते.

प्रस्तुत लेखात छत्तीसगढमधील भिलाई या औद्योगिक नगराचा संदर्भ घेऊन अशा परस्परसंबद्ध प्रणालींमधील परिभाषाभेदाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनाचा केंद्रबिंदू ‘स्वीकृती’ हा एकच शब्द आहे. या शब्दाचा अर्थ कोशातून ठरत नाही. व्यवहाराच्या साखळीत तो कोणत्या कडीवर येतो, तो कोण उच्चारतो आणि त्यातून कोणती तारीख जन्मते, यांवरून तो ठरतो, असे येथे प्रतिपादन आहे. लघुउद्योजकाच्या दृष्टीने ही चर्चा केवळ भाषिक नाही. त्याचे पैसे कोणत्या दिवसापासून थकले असे मानायचे, हे या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून असते.

२. भिलाईची भाषिक पार्श्वभूमी

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता. त्याहीपूर्वी, १७४१ पासून, छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसू लागला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत तो या ना त्या स्वरूपात टिकला. मराठी भाषिक कुटुंबे या प्रदेशात रुजली ती या काळापासून. मध्यप्रांत-वऱ्हाडात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान मिळाले. त्यामुळे एकाच शासकीय संज्ञेने दोन्ही भाषांत चालावे, ही अपेक्षा येथे अन्यत्रांपेक्षा अधिक तीव्रतेने व्यक्त झाली. डॉ. रघुवीर यांनी नागपूर येथे राहून केलेल्या परिभाषानिर्मितीमागे हीच अपेक्षा होती. संस्कृत धातूंवर उभारलेली संज्ञा हिंदीला आणि मराठीला सारखीच आपली वाटेल, असा त्यांचा विश्वास होता.

याच प्रदेशाशी निगडित असलेले माधवराव सप्रे यांचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. मातृभाषा मराठी असलेल्या सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले; पुढे लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवादही केला. विसाव्या शतकाच्या आरंभी काशी नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषाकोशासाठी अर्थशास्त्राची शब्दावली सिद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे होते. म्हणजे हिंदीतील आधुनिक अर्थव्यवहाराच्या परिभाषेला आरंभीच एका मराठी भाषिकाचा हात लागलेला आहे.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन, इंग्रजी, हिंदी आणि कामगारांच्या छत्तीसगढी, मराठी, तेलुगू, बंगाली, मलयाळम अशा भाषांचा येथे एकत्र वावर सुरू झाला. लाइट इंडस्ट्रियल एरिया आणि हथखोजचा औद्योगिक परिसर येथे कारखान्याला सुटे भाग, ओतकाम, यंत्रकाम पुरवणारे लहानमोठे उद्योग वाढले. परिभाषाभेदाची झळ आज प्रामुख्याने बसते ती या उद्योगांना.

३. एका कुळातील प्रणाली

भिलाईतील पुरवठादाराचा ज्या प्रणालींशी संबंध येतो, त्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. कारखान्याचा अंतर्गत व्यवहार सॅप या प्रणालीवर चालतो. केंद्र शासनाची ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’, म्हणजेच व्यवहारात ‘जेम’ म्हणून ओळखली जाणारी बाजारपेठ, ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाली. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी तिला नियमित स्थान दिले. केंद्रीय निविदा-संकेतस्थळ वेगळे आहे. राज्य शासनाच्या खात्यांना माल पुरवणाऱ्यांना राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचे दरकरार परिचित होते; जुलै २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय खरेदी पुन्हा जेमवरून करण्याचा निर्णय घेतला आणि पाट्या पुन्हा बदलल्या. पोलाद व दुय्यम उत्पादनांच्या ई-लिलावासाठी ‘सेल’ आणि टाटा स्टील यांनी २००१ मध्ये संयुक्तपणे स्थापलेली एमजंक्शन ही संस्था आहे. बिलांवर आगाऊ रक्कम मिळवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उभारलेले ‘ट्रेड्स’ मंच आहेत.

या सर्वांची परिभाषा इंग्रजी व्यापारी कायद्याच्या एकाच घराण्यातून आली आहे. भावंडांचे चेहरे मिळतेजुळते असावेत, तसे त्यांचे शब्द आहेत. पण सोस्यूरने भाषिक चिन्हाच्या ‘मूल्या’विषयी केलेले विवेचन येथे शब्दशः लागू पडते. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांनी मर्यादित होते. शेजार बदलला की शब्द तोच राहूनही मूल्य बदलते.

‘बिड’ हा शब्द पाहावा. केंद्रीय निविदा-संकेतस्थळावर खरेदीदार ‘टेंडर’ प्रसिद्ध करतो आणि पुरवठादार ‘बिड’ भरतो. जेमवर मात्र खरेदीदारच ‘बिड’ काढतो आणि विक्रेता तीत सहभागी होतो. म्हणजे निविदेसाठीच तेथे ‘बिड’ हा शब्द योजला आहे. लिलावाच्या मंचावर ‘बिड’ म्हणजे घेणाऱ्याने चढवलेली किंमत, तर ट्रेड्सवर ‘बिड’ म्हणजे वित्तसंस्थेने देऊ केलेला वटावाचा दर. मराठीतील ‘बोली’ हा पर्याय लिलावाच्या अर्थाशी चपखल बसतो, ट्रेड्सच्या अर्थाशीही जुळवून घेतो. परंतु जेमच्या अर्थी ‘खरेदीदाराने बोली काढली’ असे म्हटले तर वाक्याचा तोलच जातो. पर्याय चुकीचा आहे असे नाही. मूळ शब्दच आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागी बसलेला आहे.

‘कन्साइनी’ या संज्ञेची स्थिती याहून सूक्ष्म आहे. रेल्वेच्या मालवाहतुकीत कन्साइनी म्हणजे ज्याच्या नावे माल पाठवला आहे तो, माल सोडवून घेण्याचा हक्क असलेला. जेमवर कन्साइनी हा खरेदीदार संस्थेने नेमलेला अधिकारी असून माल तपासून प्रमाणपत्र देणे हे त्याचे कर्तव्य आहे. एकीकडे हक्क, दुसरीकडे जबाबदारी. ‘मालग्राही’ असा एकच मराठी शब्द दोन्हीकडे वापरला तर हा फरक झाकला जातो.

पुरवठादाराच्या स्वतःच्या नावाचेही असेच आहे. निविदेत तो ‘बिडर’, जेमवर ‘सेलर’, सॅपच्या जुन्या आवृत्तींत ‘व्हेंडर’ असतो; २०१५ मध्ये आलेल्या नव्या पिढीच्या सॅपमध्ये ग्राहक आणि पुरवठादार या दोघांनाही ‘बिझनेस पार्टनर’ या एका संज्ञेखाली आणले आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ यातील ‘सप्लायर’ मात्र सर्वांहून निराळा आहे. अधिनियमाच्या शीर्षकात मध्यम उद्योग असले, तरी थकबाकीच्या संरक्षणापुरता ‘सप्लायर’ म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग. मध्यम उद्योजक जेमवर निःसंशय विक्रेता असतो. या कलमांच्या दृष्टीने तो पुरवठादार ठरत नाही.

४. ‘स्वीकृती’ची पाच स्थाने

आता मुख्य संज्ञेकडे वळता येईल. इंग्रजीतील ‘ॲक्सेप्टन्स’ या शब्दासाठी मराठीत ‘स्वीकृती’ हा पर्याय रूढ आहे. भिलाईतील एका पुरवठ्याच्या प्रवासात हा शब्द किमान पाच स्थानी भेटतो.

पहिले स्थान प्रस्तावाचे. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ नुसार प्रस्ताव स्वीकारला गेला की वचन निर्माण होते. निविदाप्रक्रियेतील स्वीकृतीपत्र हे या अर्थाचे आहे. येथे माल अद्याप तयारही झालेला नसतो. स्वीकारले जातात ते शब्द आणि दर.

दुसरे स्थान मालाचे. माल-विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ नुसार खरेदीदाराने माल स्वीकारल्याचे कळवले, किंवा विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत अशी कृती केली, किंवा वाजवी मुदत उलटूनही नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे मानले जाते. म्हणजे मौनही येथे बोलके असते. जेमने याच अर्थाला दोन पायऱ्यांत विभागले आहे. तेथील सर्वसाधारण अटींनुसार माल पोचल्यावर ४८ तासांत तात्पुरत्या प्राप्तीचे प्रमाणपत्र आणि त्यानंतर १० दिवसांत प्राप्ती व स्वीकृतीचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. पुरवठादारांच्या बोलण्यात ही दोन अनुक्रमे ‘पीआरसी’ आणि ‘क्रॅक’ म्हणून वावरतात. पहिले प्रमाणपत्र माल आल्याची पोच आहे, दुसरे तो पसंतीस उतरल्याची कबुली. मराठीत ‘पोच’ आणि ‘स्वीकार’ यांत जो भेद सहज केला जातो, तोच येथे नियमबद्ध झाला आहे.

तिसरे स्थान अंतर्गत नोंदीचे. सॅपमध्ये माल थेट साठ्यात घेतल्याची नोंद १०१ या हालचाल-क्रमांकाने होते. माल आला पण अद्याप अडवून ठेवला आहे, यासाठी १०३ आणि तो अडसर दूर केल्यासाठी १०५ असे क्रमांक आहेत. तिन्हींना बोलण्यात ‘जीआर झाले’ असे एकच वाक्य लावले जाते. शब्दांनी पुसलेला भेद येथे आकड्यांनी जपला आहे. मात्र पुरवठादाराच्या कानावर येते ते वाक्य. क्रमांक कारखान्याच्या आत राहतो.

चौथे स्थान वैधानिक गृहीताचे. २००६ च्या अधिनियमानुसार खरेदीदाराने लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम द्यावयाची असते आणि ही मुदत स्वीकृतीच्या दिवसापासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस संपताच रक्कम देय होते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. या अधिनियमात ‘स्वीकृतीचा दिवस’ म्हणजे माल प्रत्यक्ष पोचल्याचा दिवस. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली असेल, तरच पुरवठादाराने ती हरकत दूर केल्याचा दिवस स्वीकृतीचा धरला जातो. हरकत आली नाही तर स्वीकृती गृहीत धरली जाते, आणि तिचा दिवस पुन्हा पोचल्याचाच.

पाचवे स्थान बिलाचे. ट्रेड्स मंचावर खरेदीदार ‘ॲक्सेप्ट’ करतो ते माल नव्हे, तर देयकाची जबाबदारी. ती एकदा पत्करली की ठरल्या दिवशी रक्कम देणे त्याच्यावर बंधनकारक होते. मालाविषयीचा वाद पुढे करून ते टाळता येत नाही. हुंडी ‘सकारण्याची’ जी जुनी प्रथा, तिचेच हे संगणकीय रूप होय. मराठीत या अर्थासाठी ‘सकारणे’ हे स्वतंत्र क्रियापद उपलब्ध असताना ‘स्वीकृती’ या शब्दावर पाचवा भार टाकण्याचे कारण नाही.

या भेदाचा व्यावहारिक परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. हथखोजच्या एका लघुउद्योगाचा माल १ जून रोजी ग्राहकाच्या फाटकाशी उतरला. लेखी करारात ४५ दिवसांची मुदत आहे. तपासणी रेंगाळली आणि २१ जून रोजी प्रणालीत स्वीकृतीची नोंद झाली. दरम्यान कोणतीही लेखी हरकत आली नाही. ग्राहकाच्या लेखाविभागाच्या पडद्यावर मुदत २१ जूनपासून मोजली जाते आणि ५ ऑगस्टला संपते. अधिनियमाच्या अर्थाने ती १ जूनपासून मोजावी लागते आणि १६ जुलैला संपते. दोघेही ‘स्वीकृतीपासून ४५ दिवस’ असेच म्हणतात आणि आपापल्या अर्थाने दोघेही खरे बोलतात. मधले २० दिवस शब्दाच्या पोटात नाहीसे होतात. त्या २० दिवसांत उद्योजकाला मजुरी द्यावी लागते, कच्चा माल घ्यावा लागतो, बँकेचे व्याज भरावे लागते.

ऑस्टिनने वाक्यांच्या कृतिरूपाकडे लक्ष वेधले होते: काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, ती उच्चारताच कृती घडते. संगणकाच्या पडद्यावरील ‘ॲक्सेप्ट’ हे बटण त्याच जातीचे आहे. मात्र कोणती कृती घडली, हे बटणावरील शब्द सांगत नाही. ते बटण कोणत्या मंचावर आहे यावरून ते कळते.

५. हिंदी आणि मराठी : समान रूप, भिन्न वाट

भिलाईतील मराठी भाषिक पुरवठादारासमोर आणखी एक पदर उलगडतो. छत्तीसगढच्या शासकीय हिंदीत ‘प्रशासकीय स्वीकृति’ ही संज्ञा नित्याची आहे. महाराष्ट्रात तिला ‘प्रशासकीय मान्यता’ म्हणतात. म्हणजे हिंदीतील ‘स्वीकृति’ बहुधा वरिष्ठाने दिलेली मंजुरी असते, तर मराठीतील ‘स्वीकृती’ घेणाऱ्याने घेतल्याची खूण. एकीत अधिकार वरून खाली येतो, दुसरीत वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते. रूप समान असल्यामुळे अनुवादकाला येथे थांबावेसेही वाटत नाही.

‘अमानत’ आणि ‘अनामत’ ही जोडी याहून बोलकी आहे. छत्तीसगढच्या निविदासूचनांत ‘अमानत राशि’ म्हणजे निविदेसोबत भरावयाची रक्कम. महाराष्ट्रात तिला ‘बयाणा रक्कम’ म्हणतात. उलट मराठीत ‘सुरक्षा अनामत’ म्हणजे काम मिळाल्यावर ते पुरे होईपर्यंत अडकून राहणारी रक्कम. पहिली निविदा नाकारली गेलेल्याला परत मिळते, दुसरी काम मिळालेल्याकडून घेतली जाते. तसेच छत्तीसगढमध्ये ‘पंजीयन’ आणि ‘हितग्राही’ हे शब्द रूढ आहेत. उत्तरेकडील हिंदीत ‘पंजीकरण’ आणि ‘लाभार्थी’, तर मराठीत ‘नोंदणी’ आणि ‘लाभार्थी’. या दुसऱ्या गटात रूपे भिन्न असूनही गैरसमज होत नाही. यावरून असे म्हणता येईल की परिभाषेत रूपभेदापेक्षा रूपसाम्य अधिक जोखमीचे असते. डॉ. रघुवीर यांच्या योजनेतील अडचणही कदाचित येथेच असावी: समान संस्कृत रूप दिल्याने समान अर्थ पाठोपाठ येईल, हे गृहीतच व्यवहाराने पुरते मान्य केले नाही.

६. कोशरचनेचा पर्याय

या स्थितीवर अधिक शुद्ध किंवा अधिक सोपा पर्याय शोधणे हा उपाय होऊ शकत नाही. संज्ञांची वर्णानुक्रमी सूची जितकी नेटकी, तितकी ती येथे अपुरी पडते, कारण ती शब्दाला त्याच्या स्थानापासून तोडते. मराठीच्या परंपरेत याहून वेगळा एक नमुना आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने, १६७७ च्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फार्सी-अरबी राज्यव्यवहारशब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. त्याची दखल भाषाशुद्धीच्या अंगाने पुष्कळ घेतली गेली. त्याच्या रचनेकडेही तितकेच लक्ष द्यावयास हवे. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत तो मांडलेला आहे. शब्द कोठे वापरला जातो, हे त्यात आधी सांगितले जाते आणि मग त्याचा पर्याय येतो.

व्यापारी प्रणालींच्या परिभाषेसाठी हीच दिशा उपयुक्त ठरेल. प्रत्येक संज्ञेपुढे पर्यायाबरोबर चार गोष्टी नोंदवल्या जाव्यात: कृती कोण करतो, कशावर करतो, तिच्यामुळे कोणता दस्तऐवज तयार होतो आणि त्यावरील कोणत्या तारखेपासून कोणाचे देणे सुरू होते. या कसोटीवर ‘स्वीकृती’ आपोआप उलगडते. प्रस्तावासाठी ‘स्वीकृतीपत्र’, माल आल्यासाठी ‘पोच’, तपासणीनंतर ‘पसंती’ किंवा ‘मालस्वीकार’, कायद्याच्या अर्थी ‘गृहीत स्वीकृती’ आणि बिलासाठी ‘सकार’ असे शब्द मराठीत आहेतच. ते नव्याने घडवावे लागत नाहीत, त्यांना आपापल्या जागी बसवावे लागते.

तौलनिक साहित्याभ्यासाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ‘धर्म’, ‘रस’ किंवा ‘कादंबरी’ या संज्ञा एका परंपरेतून दुसरीत जाताना रूप टिकवून मूल्य बदलतात, हे या विद्याशाखेने वारंवार दाखवले आहे. कन्नडमध्ये ‘कादंबरी’ मराठीप्रमाणेच साहित्यप्रकाराचे नाव आहे, हिंदीत मात्र तेच नाव बाणभट्टाच्या कृतीपुरते राहिले आणि प्रकाराला ‘उपन्यास’ म्हटले गेले. साहित्यात अशा सरकण्यातून नवा अर्थ निर्माण होतो आणि वाचक समृद्ध होतो. व्यापारी परिभाषेत त्याच सरकण्याची किंमत कोणीतरी मोजतो, आणि बहुधा तो साखळीतील सर्वांत लहान घटक असतो. म्हणून भिलाईच्या पुरवठादाराने ‘स्वीकृती कधी झाली?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणती स्वीकृती?’ असे विचारणे त्याच्या हिताचे आहे. आणि परिभाषाकाराचे काम हा दुसरा प्रश्न विचारणे त्याला सोपे करून देणे, हे आहे.